सुसरमास्तरांचा पट्टा

सुसरमास्तरांनी आयुष्यात किती पोरांचे कान पिळले असतील, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. गावातल्या उघड्या तरणतलावावर त्यांनी सगळी उमेदीची वर्षं घालवली, आणि तिथे त्यांची शिक्षा एकच. कानाची पाळी दोन बोटांत धरायची, अर्धा आटा फिरवायचा, "श्वास कुठे सोडायचा? पाण्यात!" असं म्हणायचं आणि सोडून द्यायचं. दुखायचं थोडं, हसू यायचं जास्त. आता पोट सुटलेले, केस गेलेले जुने विद्यार्थी रस्त्यात भेटले तरी त्यांचा हात आपोआप कानाकडे जायचा. नाव मात्र पोरांनीच ठेवलेलं. मास्तर पाण्यात उतरले की नुसतं डोकं वर, बाकी सगळं खाली, आणि आवाज म्हणून नाही. सुसर. त्यांना ते नाव मनापासून आवडायचं.

तर अशा माणसाच्या स्वतःच्याच डाव्या कानावर, अगदी वरच्या कडेला, मसुरीच्या डाळीएवढी खपली धरली, तेव्हा त्यांच्या बायकोला हसूच आलं.

"घ्या," ती म्हणाली, "एवढ्या पोरांचे तळतळाट कुठेतरी लागायचेच होते."

"चष्म्याची दांडी घासते," मास्तर म्हणाले आणि पेपरात डोकं खुपसलं.

खपली पडायची, उशीवर रक्ताचा ठिपका उमटायचा, चार दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तिथेच खपली. बायको उशीचा अभ्रा बदलताना कुरकुरायची. मास्तर दांडीला दोष द्यायचे. कानाकडेच कानाडोळा करणं सगळ्यांना जमत नाही, मास्तरांनी ते करून दाखवलं.

त्यांचा लाडका शब्द होता रापणे. ऊन खाऊन कातडी रापते, आणि टक्केटोणपे खाऊन माणूसही रापतो. मास्तरांच्या डोक्यात हे दोन्ही एकच. एखादं नवं पोर आईच्या पदराआडून पाण्याकडे बघत उभं राहिलं की ते म्हणायचे, "महिनाभर माझ्याकडे सोडा. जरा रापू दे." आईबापांना वाटायचं, पोर धीट होईल असं म्हणताहेत. मास्तरांना म्हणायचं असायचं की धीट होईल आणि काळंही होईल, कारण काळं झाल्याशिवाय धीट होतं कसं? ते स्वतः बोडक्या डोक्याने, उघड्या अंगाने दिवसभर काठावर फिरायचे. पाठ जुन्या चामड्यासारखी झालेली. कुणी क्रीमचं नाव काढलं तर म्हणायचे, "लोणी फासायला मी काय पाव आहे?"

पोरांचा वर्ग भर दुपारी. सकाळी पाणी गार असतं, पोरं कुडकुडतात, रडतात. दुपारी कसं कोमट, एकही कुरकुर नाही. तलावाभोवती सिमेंटच्या पायऱ्या, त्यावर निळ्या फरश्यांची झगमग, आणि सावली म्हणाल तर पंपघराच्या भिंतीला टेकून जेवढी पडेल तेवढी.

आणि मग तो पट्टा. हंगामाच्या शेवटच्या दिवशी मास्तर सगळ्या पोरांना काठावर ओळीने उभं करायचे आणि पोहण्याच्या कपड्याचा खांद्यावरचा बंद बोटभर सरकवायचे. बंदाखालची मूळची कातडी आणि बाहेरची रापलेली कातडी यांच्यामध्ये जी रेघ दिसायची, तिला म्हणायचे पट्टा. ज्याची रेघ सगळ्यांत गडद, त्याला पितळी शिट्टी. "ज्याचा पट्टा, तो माझा पठ्ठा!" मास्तर गर्जायचे आणि तलाव दणाणायचा. यामागे त्यांचं एक पक्कं गणित होतं. हजेरीत थापा मारता येतात, पण कातडीत नाही. जो रोज आला, तोच रापला. त्यांना आपली ही युक्ती इतकी चोख वाटायची की तिच्यात कुठे भोक असेल असं कधी मनातही आलं नाही.

त्यांच्या लेकीने लहानपणी ती शिट्टी मिळवली होती. ती आता ताडपत्र्या आणि दुकानांवरची कापडी छपरं शिवण्याचं दुकान चालवायची, आणि शिट्टी तिच्या शिवणयंत्राच्या वर खिळ्याला टांगलेली होती. लेकीची लेक, म्हणजे मास्तरांची नात, आठ वर्षांची. रंग बापावर गेलेला. गोरीपान, डोळे घारे, नाकावर बारीक तपकिरी ठिपके. उन्हात जरा वेळ उभी राहिली की लालबुंद व्हायची, मग सालं निघायची आणि पुन्हा पांढरीच्या पांढरी. रापायचं काही तिच्या कातडीला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी ती पहिल्यांदा आजोबांच्या वर्गात आली, ती जामानिमा करून. लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा, मानेवर झालर असलेली टोपी, आणि तोंडाला पांढरं क्रीम. मास्तरांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ही पोहायला आलीय की मधाचं पोळं काढायला?"

सगळी पोरं खिदळली. नातही खिदळली, पण तिचे कान लाल झाले.

"बाबा, थट्टा पुरे," लेक म्हणाली. "सदरा काढायचा नाही आणि पाण्यातून बाहेर आली की क्रीम परत लावायचं. पिशवीत ठेवलंय. लक्ष ठेवा."

"हो हो," मास्तर म्हणाले.

दोन-तीन दिवस सदरा अंगावर राहिला. मग एके दिवशी तो कपडे बदलायच्या खोलीतच राहिला. मग रोजच राहायला लागला. मास्तरांना ते दिसलं नाही असं नाही. पण इतर सगळी पोरं बंदाच्या कपड्यात, आपली नात तेवढी गुंडाळलेली, हे त्यांनाही बरं वाटत नव्हतं. थोडं ऊन लागलं तर काय बिघडतं, असं म्हणून त्यांनी नजर पाण्याकडे वळवली. पोरगी पोहायची मात्र झकास. हात लांब, श्वास बरोब्बर पाण्यात. तिचा कान पिळायची वेळ क्वचितच यायची, आणि तिला तेच वाईट वाटायचं.

पट्टा बघायच्या आदल्या दिवशी आभाळ आलेलं होतं. दुपारी पांढुरका, मऊ उजेड, ऊन असं नाहीच. वर्ग लवकर सुटला. मास्तर पंपघरात गाळणीच्या नळाशी झटापट करत बसले. नात म्हणाली, आई येईपर्यंत बाहेर बसते. ते "बस" म्हणाले आणि नळात गुंतले ते गुंतलेच.

नात पंपघराच्या मागे गेली. तिथे सिमेंटवर पालथी पडली, बंद नीट सरळ करून, हात बाजूला ठेवून, अजिबात न हलता. तिने रोज आरशात पाहिलं होतं. पट्टा काही केल्या येत नव्हता. उद्या मास्तर, म्हणजे आपलेच आजोबा, बंद सरकवणार आणि खाली काहीच नसणार. आभाळामुळे चटका लागत नव्हता, म्हणून ती तशीच पडून राहिली आणि तिचा डोळा लागला.

संध्याकाळी मास्तर जेवायला लेकीकडे गेले तेव्हा पोरगी पलंगावर पालथी होती. खांदे, पाठ, पोटऱ्या, सगळं तांबडंलाल, आणि खांद्यांवर पाण्याचे फोड उठलेले. अंगात ताप. लेक गार पाण्यात भिजवलेलं फडकं पिळून अलगद ठेवत होती. तिने बापाकडे मान वळवून पाहिलं आणि फडकं पुन्हा भिजवलं. तिने चार शब्द सुनावले असते तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"आभाळ होतं गं," ते म्हणाले. "ऊन नव्हतंच."

तेवढ्यात पोरीने उशीतून तोंड बाहेर काढलं.

"आजोबा, पट्टा आला का?"

मास्तर वाकले. आला होता. बंदाखालची पांढरी रेघ इतकी लख्ख होती की सबंध हंगामात कुणाची तशी नव्हती. ते तिच्या पायाशी बसले आणि तिच्या तळव्यावर हात ठेवला, कारण पोळलेली नाही अशी जागा शोधूनच हात ठेवावा लागत होता.

दुसऱ्या दिवशी पट्टा बघायचं रद्द झालं. तलावावर निरोप गेला, मास्तर येणार नाहीत. असं आधी कधी झालेलं कुणाला आठवत नव्हतं. लेक पोरीला घेऊन कातडीच्या डॉक्टरणीकडे निघाली, आणि मास्तर न बोलावता मागोमाग गेले.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी फोड पाहिले, ते फोडू नका म्हणाल्या, मलम दिलं, पाणी भरपूर पाजायला सांगितलं. मग लेकीशी बोलायला लागल्या. ढगातून ऊन दिसत नाही, पण जाळणारे किरण खाली येतातच. पाणी आणि सिमेंट ते उलटे वर फेकतात. लहान वयात कातडी अशी भाजून निघाली, पुन्हा पुन्हा निघाली, तर मोठेपणी त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो. गोऱ्या, ठिपकेवाल्या पोरांना जास्त, पण सावळ्यांना अजिबात नाही असं समजू नका.

"मग पोहणं बंद करू का हिचं?" लेकीने विचारलं.

खोलीत त्या प्रश्नाचं उत्तर मास्तरांइतकं जिवाचे कान करून कुणी ऐकत नव्हतं.

"छे, बंद कशाला? पोहू दे की. फक्त भर दुपारी नको. सकाळी लवकर, नाहीतर ऊन उतरल्यावर. अंगभर कपडा आणि कान झाकले जातील अशी टोपी. जिथे कपडा पोचत नाही तिथे क्रीम, निघायच्या आधी लावायचं आणि पाण्यातून आल्यावर परत. आणि घरातल्या मोठ्यांनीही हे करायला हवं. एकट्या पोराला सांगून कुणी ऐकत नाही."

हे बोलता बोलता त्यांची नजर मास्तरांवर गेली आणि तिथेच थांबली.

"आजोबा, कानाला काय झालंय?"

"काही नाही. चष्म्याची दांडी घासते."

"पण आजोबा," नात तपासायच्या टेबलावरून म्हणाली, "तुम्ही चष्मा फक्त पेपर वाचताना लावता. आणि तोसुद्धा नाकाच्या शेंड्यावर."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरलं नाही. लेकीला मात्र हसू आलं नाही. ती उठून बापाच्या डाव्या बाजूला आली आणि तिने प्रथमच तो कान नीट पाहिला.

"किती दिवस आहे हे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मास्तरांनी आठवून पाहिलं. मागचा हंगाम सुरू झाला तेव्हाही होतं.

कानाचा बारीकसा तुकडा तपासायला गेला. उत्तर आलं ते लेकीने ऐकलं, मग मास्तरांना सांगितलं. त्वचेचा कॅन्सर. पसरलेला नाही. एवढा भाग काढून टाकला की बहुधा प्रश्न मिटेल, पुढे मात्र नेमाने तपासायला यायचं. मास्तर सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "म्हणजे कान कापणार." आणि बायको म्हणाली, "कापू द्या. मेला एक कान गेला तरी तुम्ही ऐकणार कुणाचं?" आणि ती स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिली. ती घासलेलीच होती.

ऑपरेशन छोटंसंच झालं. कानाच्या वरच्या कडेचा घास घेतल्यासारखा तुकडा गेला. मास्तर पांढरी पट्टी बांधून घरी बसले, आणि बसून बसून त्यांना विचार करायची पाळी आली. पाण्यात असताना ती कधी आली नव्हती.

एका सकाळी ते लेकीच्या दुकानात गेले. ती यंत्रावर एक जाड हिरवं कापड सरकवत होती. भिंतीशी जुनी छपरं दुमडून ठेवलेली, विटलेली, हात लावला तर बोट आरपार जाईल अशी.

"तुझी पाठ दाखवलीस का डॉक्टरांना?" मास्तरांनी विचारलं.

"दाखवली. काही नाही. दरवर्षी दाखवत जा म्हणाल्या."

मास्तर स्टुलावर बसले. वर खिळ्याला शिट्टी लटकत होती.

"मीच दिली होती ती तुला."

"हो. मला अजून आवडते." लेकीने यंत्र थांबवलं. "मी घरात आले की आई माझ्या खांद्यांना दही लावायची आणि मी रडत रडत शिट्टी वाजवायची. तुम्ही म्हणायचात, माझी पठ्ठी." तिने भिंतीकडे बोट केलं. "बाबा, ती छपरं बघा. दोन-चार वर्षं उन्हात असली की विरतात. ती ताडपत्री आहे. टाकून देते आणि नवी शिवते. ही पोरगी आहे."

मास्तरांनी मान खाली घातली.

"तिला पुन्हा पाठवशील?"

"नाही," लेक म्हणाली. मग यंत्रावरचं कापड सरळ करत म्हणाली, "तुम्हाला बघून ठरवेन. मी कितीही घाल म्हटलं तरी ती सदरा काढते, कारण तुम्ही उघडे असता. तिला मी नाही, तुम्ही व्हायचंय."

मास्तर उठले. हे त्यांना कानापेक्षा जास्त लागलं होतं, आणि जास्त आवडलंही होतं. आता या दोन्हींचं काय करायचं, ते कळेना म्हणून ते तडक तलावावर गेले. व्यवस्थापकाशी बरीच हुज्जत घातली. हंगाम महिनाभर पुढे वाढवायचा, आणि पोरांचा वर्ग सकाळी, उन्हं वर यायच्या आत. पाणी गार असतं? असू दे. दोन उड्या मारायला लावतो, मग काय बिशाद कुडकुडायची. आणि उथळ बाजूवर छप्पर पाहिजे. शिवणारी माझ्या ओळखीची आहे.

पट्टा बघायचा राहिलेला दिवस शेवटी ठरला. पोरं तर वाट बघून आंबली होती. सकाळी आईबापांसकट सगळी पायऱ्यांवर जमली. लेक आली ती मोजपट्टी घेऊन, छपराचं माप घ्यायला. नातीला बरोबर आणलं होतं, पण बघायला म्हणून, अशी ताकीद देऊन. नात अंगभर सदऱ्यात. खांद्यांची सालं निघून गेली होती आणि मागे वेडीवाकडी डागाळलेली रेघ राहिली होती. जो पट्टा तिला हवा होता, तो ती आता कॉलर वर ओढून लपवत होती.

मग मास्तर आले.

पोरांना आधी ओळखूच आले नाहीत. लांब बाह्यांचा निळा सदरा, डोक्यावर रुंद काठाची टोपी कानांवरून खाली ओढलेली. मग मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, मधाचं पोळं काढायला चाललात का?"

तलाव हसून हसून लोटपोट झाला. मास्तरही हसले. त्यांनी स्वतःच जे पेरलं होतं, तेच परत आलं होतं. एवढ्या हशात नातीने पहिल्यांदाच कॉलरवरचा हात काढला.

"ओळीने उभे राहा," मास्तर म्हणाले. पोरं उभी राहिली. बंद सरकवायला त्यांची त्यांनीच सुरुवात केली, सवयीने. "राहू द्या. आज मी तुमचा पट्टा बघणार नाही. माझा दाखवतो."

त्यांनी टोपी काढली.

पोरं बघत राहिली. डाव्या कानाची वरची कड नव्हतीच. तिथे गुलाबी, ताणलेली, नवी कातडी होती.

"हा मला उन्हाने दिला," मास्तर म्हणाले. आवाज नेहमीसारखा मोठा काढायचा त्यांनी प्रयत्न केला, तो काही निघाला नाही. "मी रोज आलो ना तलावावर. एक दिवस चुकवला नाही. सगळ्यांत गडद पट्टा माझा. आणि मी तुम्हाला सगळ्यांना सांगत आलो की असाच मिळवा. चुकलं माझं. पोहणं चुकलं नाही, हे चुकलं." त्यांनी खिशातून पितळी शिट्टी काढली. "आता बोला. असा पट्टा कुणाला पाहिजे?"

एकही हात वर झाला नाही. पायऱ्यांवर एका बापाने आपल्या धाकट्या पोराला ओढून स्वतःच्या सावलीत घेतलं. लेक मोजपट्टी हातात धरून उभी होती, ती गुंडाळायची तिला आठवण राहिली नाही. सकाळ चढत चालली होती, काठावरच्या फरश्यांवर ऊन आलं होतं आणि मास्तर बोडक्याने उभे होते.

नात रांगेत नव्हतीच. ती पायऱ्या उतरून आली, मास्तरांच्या हातातली टोपी घेतली आणि "खाली वाका" म्हणाली. मास्तर वाकले. तिने टोपी घातली, कड ओढून तो कापलेला कान आत ढकलला, आणि मग त्यांच्या मानेवर बोट फिरवून बोटाकडे पाहिलं. बोट कोरडं होतं.

"क्रीम लावलं नाही ना?"

मास्तर टोपीची कड चाचपू लागले.

"आजोबा?"

"विसरलो."

तिने कानाकडे हात नेला. डावा अजून हुळहुळा होता. म्हणून ती वळसा घालून पलीकडे गेली, टोपीच्या कडेखाली हात घातला, उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरली आणि अगदी त्यांच्यासारखाच अर्धा आटा फिरवला.

"उद्यापासून आधी क्रीम, मग शिट्टी," ती म्हणाली.

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरांना वाटलं, कान दुखला. त्यांनी मान वर करून पायऱ्यांकडे पाहिलं. लेक डोळे पुसत होती, आणि पुसता पुसता तिने बापाला हाताने खूण केली, हो, उद्यापासून.